किरारीचा खांब आणि सागाची वलये

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



१९२१ सालच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट आहे. तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यात चंद्रपूर नावाची जमीनदारी होती. हे चंद्रपूर महाराष्ट्रातील नव्हे, महानदीच्या काठचे. या जमीनदारीतील किरारी गावात हीराबांध नावाचा एक जुना तलाव आहे. त्या उन्हाळ्यात तो आटला होता आणि गावकरी शेतासाठी त्याचा गाळ उपसत होते. गाळात एक लाकडी खांब लागला. तो बाहेर काढला तेव्हा त्यावर कोरलेली अक्षरे स्पष्ट दिसत होती. गावकऱ्यांनी स्वाभाविकपणे तो खांब काठावर उन्हात ठेवला. शतकानुशतके पाण्यात आणि चिखलात राहिलेले ते लाकूड एप्रिलच्या उन्हात वाळू लागले, आक्रसले, त्याला भेगा पडल्या आणि वरचे पापुद्रे सुटून अक्षरांसकट गळून पडले. सुदैवाने पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाचे एक पुरोहित तेथे होते. ब्राह्मी लिपी त्यांना वाचता येत नव्हती. तरीही जे दिसले ते, जसे दिसले तसे, त्यांनी कागदावर रेखाटून घेतले. आज त्या शिलालेखाचा, खरे म्हणजे काष्ठलेखाचा, जो पाठ अभ्यासकांपुढे आहे तो बहुतांशी या नकलेवर उभा आहे.

पुढे पुरातत्त्वज्ञ हिरानंद शास्त्री यांनी तो लेख ‘एपिग्राफिया इंडिका’मध्ये प्रसिद्ध केला. (हिंदीतील थोर कवी अज्ञेय हे त्यांचे चिरंजीव.) त्या लेखात ना राजाचे नाव सलग लागते, ना वर्ष. त्यात आहेत अधिकाऱ्यांची नावे आणि त्यांची पदे. प्राकृत रूपे आजच्या वळणाने लिहायची तर नगररक्षी, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, हस्त्यारोह, अश्वारोह, महानसिक म्हणजे मुदपाकखान्याचा प्रमुख, लेखहारक म्हणजे पत्रे पोहोचवणारा, गोमंडलिक म्हणजे गाईगुरांवरील अधिकारी. एका छोट्या राज्याचा संपूर्ण कारभार त्या खांबावर नोंदवलेला होता. छत्तीसगढाच्या प्राचीन इतिहासाचे इतके घरगुती, इतके जिवंत साधन दुसरे क्वचितच असेल. तो खांब यज्ञाचा यूप होता की तलावाच्या मध्यभागी रोवलेला स्तंभ, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. त्याचा उरलेला तुकडा रायपूरच्या महंत घासीदास स्मारक संग्रहालयात आहे. राजनांदगावच्या महंत राजांनी १८७५ मध्ये स्थापन केलेल्या या संग्रहालयावरून आपल्या शाळेची मुले बसने किती वेळा जातात, याची गणती नाही.

हा खांब कधीचा? उत्तर मिळते ते इसवी सनाचे दुसरे शतक, आणि ते अक्षरांच्या वळणावरून काढलेले आहे. लिपीवरून काढलेला काळ पन्नास-शंभर वर्षे मागेपुढे होऊ शकतो. अक्षरे नसती तर? तर तो खांब म्हणजे नुसते जुने लाकूड ठरला असता. मग प्रश्न असा की लाकूड स्वतः काही सांगते का? त्याला स्वतःची तारीख ठाऊक असते का?

ज्या प्रदेशात ऋतू तीव्र असतात तेथील झाडाला ती ठाऊक असते. चीड किंवा देवदार जातीच्या झाडाचे खोड आडवे कापले की एकाभोवती एक अशी वलये दिसतात. वाढीच्या मोसमाच्या आरंभी तयार होणारे लाकूड फिके आणि पोकळ पेशींचे असते; मोसम संपता संपता ते गडद आणि घट्ट होत जाते. एक फिका आणि एक गडद पट्टा मिळून एक वर्ष होते. एवढे प्राथमिक शाळेतील मुलालाही ठाऊक असते. मात्र वलये मोजणे म्हणजे काळ ठरवणे नव्हे, आणि या शास्त्रातील सगळे मर्म या एका वाक्यात आहे. झाड एखाद्या भीषण दुष्काळात वलय धरतच नाही. एखाद्या वर्षी पाऊस मध्येच खंडला तर खोटे वलय धरते. शिवाय कापलेल्या तुळईतील वलये मोजून ती किती वर्षांची आहे हे कळते, ती कोणत्या वर्षांची आहे हे कळत नाही.

ही अडचण ज्याने सोडवली तो वनस्पतिशास्त्रज्ञ नव्हता; तो खगोलशास्त्रज्ञ होता. अँड्र्यू एलिकॉट डग्लस हे त्याचे नाव. सूर्यावरील डागांचे सुमारे अकरा वर्षांचे चक्र पृथ्वीच्या हवामानावर परिणाम करते का, हे त्याला शोधायचे होते. दुर्बिणी येऊन तीनशेच वर्षे झाली होती. त्यापूर्वीची नोंद कोठून आणायची? अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातील कोरड्या पठारावर पाँडेरोसा जातीचे पाइन वृक्ष आहेत. तेथे झाडाची वाढ जवळजवळ पूर्णपणे पाण्यावर अवलंबून असते. १९०४ पासून डग्लसने त्यांची वलये मोजण्यास आरंभ केला. सूर्याचे चक्र त्याला समाधानकारकपणे कधीच सापडले नाही. पण दुसरेच काही सापडले. मैलोगणती अंतरावरील झाडांतही रुंद आणि अरुंद वलयांचा क्रम एकच होता, कारण दुष्काळ एका झाडापुरता पडत नाही.

शाळेतील माणसाला हे समजावून घेण्यासाठी हजेरीपटाचे उदाहरण पुरेल. समजा दोन जुने हजेरीपट सापडले, दोन्हींची वर्ष लिहिलेली पाने फाटलेली आहेत. एकाचा शेवटचा भाग आणि दुसऱ्याचा आरंभ यांत गैरहजेरीच्या खुणा जशाच्या तशा जुळल्या, सलग चाळीस-पन्नास रकाने जुळले, तर ते दोन्ही पट एकमेकांना जोडता येतात. आता तिसरा पट असा मिळाला की ज्याचे शेवटचे पान काल लिहिलेले आहे, आणि तो या साखळीला जुळला, तर सगळ्यांचीच वर्षे निश्चित होतात. जिवंत झाड हा तो तिसरा पट. त्याच्या सालीलगतचे वलय कोणत्या वर्षाचे आहे हे नक्की माहीत असते. तेथून मागे मागे, जुन्या ओंडक्यांवर आणि घरांच्या तुळयांवर, ही जुळवणी नेता येते.

डग्लसपाशी अशा दोन साखळ्या जमल्या होत्या. एक आजपासून मागे तेराव्या शतकापर्यंत पोहोचत होती. दुसरी मूळ रहिवाशांच्या ओसाड पडलेल्या दगडी वसाहतींतील तुळयांची होती, ५८५ वर्षांची. पण ती हवेत तरंगत होती, तिला टोक नव्हते. दोन्हींच्या मध्ये खिंडार होते. १९२९ च्या जूनमध्ये शो लो नावाच्या गावी एक अर्धवट जळालेली तुळई सापडली. एचएच-३९ असा तिचा क्रमांक आहे. तिच्या वलयांनी दोन्ही साखळ्या सांधल्या गेल्या आणि एका रात्रीत डझनावारी प्राचीन वसाहतींच्या बांधकामाची वर्षे निश्चित झाली. तो जोड इतके दिवस का सापडत नव्हता, याचेही उत्तर वलयांतच होते. तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२७६ ते १२९९, तेथे दीर्घ अवर्षण होते. वलये केसाएवढी बारीक होती आणि लोक वसाहती सोडून गेले होते.

आता आपल्याकडे वळू. हिमालयात या शास्त्राला पोषक झाडे विपुल आहेत: देवदार, चीड, चिलगोजा, जुनिपर. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील शास्त्रज्ञांनी किन्नौरच्या चिलगोज्याची हजार वर्षांची आणि लाहौलमधील जुनिपरची १५८४ वर्षांची वलयमालिका उभी केली आहे. ज्या चिलगोज्याच्या बिया आपण सुक्या मेव्यात महाग म्हणून मोजून घालतो, तेच हे झाड. असे नमुने घेण्यासाठी झाड तोडावे लागत नाही. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीएवढी बारीक कांडी काढतात, ती घासून गुळगुळीत करतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक वलयाची रुंदी मोजतात. झाड ती जखम भरून काढते.

पण रायपूर हिमालयात नाही. उष्ण प्रदेशातील बहुतेक झाडांची वलये अस्पष्ट असतात. छत्तीसगढाचा राज्यवृक्ष साल, ज्याला इकडे सरई म्हणतात, त्याच्याच खोडात वलये धडपणे उमटत नाहीत. साल नावाचे झाड साल सांगत नाही, हा मराठी भाषेने केलेला विनोदच म्हणायचा. आंब्याचेही तसेच. मग भरवसा कोणावर ठेवायचा? सागावर. साग उन्हाळ्यात पाने झाडतो, त्याची वाढ थांबते. पुन्हा पालवी येऊन वाढ सुरू झाली की खोडात प्रथम मोठमोठ्या नलिका तयार होतात, आणि पुढे त्या लहान होत जातात. त्यामुळे सागाच्या फळीच्या आडव्या छेदावर बारीक छिद्रांच्या ओळी नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. एक ओळ म्हणजे एका वर्षाचा आरंभ. सुताराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्याने त्याचा उपयोग लाकडाची प्रत ओळखण्यासाठी केला.

या सागाकडे हवामानाची वही म्हणून पाहण्याचे काम ज्यांनी भारतात आरंभी हाती घेतले त्यांत पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे, आणि मराठी वाचकाला याचा आनंद वाटावा. तेथील जी. बी. पंत आणि एच. पी. बोरगावकर यांनी १९८३ मध्ये ठाणे परिसरातील सागाची वलये आणि तेथील पाऊस यांचा संबंध मांडला. पुढे बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील सागाची १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका तयार केली. २०१० मध्ये ती प्रसिद्ध झाली. तीत अरुंद वलयांची वर्षे एल निनोच्या आणि कमी पावसाच्या वर्षांशी मोठ्या प्रमाणात जुळतात. नर्मदाकाठच्या होशंगाबादच्या सागावरून लखनौच्या शास्त्रज्ञांनी जून ते सप्टेंबरच्या पावसाचा दीडशे वर्षांहून अधिक काळाचा आलेख काढला. होशंगाबाद आणि रायपूर दोन्ही एकेकाळी एकाच मध्य प्रांतात होते, तेव्हा हे उदाहरण घरचेच.

वलयाच्या रुंदीवरून पाऊस कसा काढतात, हे परीक्षा घेणाऱ्यांना आवडेल असे आहे. भारतीय हवामान खात्याची स्थापनाही १८७५ चीच. तेव्हापासूनच्या पावसाच्या नोंदी हाताशी आहेत. शास्त्रज्ञ यांतील अर्धी वर्षे घेऊन वलयाची रुंदी आणि पाऊस यांचे गणित बसवतात. उरलेली अर्धी वर्षे झाकून ठेवतात. मग केवळ वलयांवरून त्या झाकलेल्या वर्षांचा पाऊस काढतात आणि झाकण उघडून ताळा पाहतात. ताळा जमला तरच त्या झाडाला अठराव्या किंवा सतराव्या शतकाबद्दल साक्ष देण्याचा अधिकार मिळतो. न जमल्यास ते झाड, कितीही वयोवृद्ध असले तरी, नापास.

ही सगळी खटपट कशासाठी? याचे उत्तर बस्तरमध्ये मिळते, आणि तेथे साक्षीदार झाड नसून दगड आहे. कांगेर घाटीच्या राष्ट्रीय उद्यानात दंडक गुहा आहे. तिच्या छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यातील चुना थर थर साचून स्तंभ वाढतात. त्या थरांतील ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या अणूंच्या प्रमाणावरून पावसाचा अंदाज येतो आणि युरेनियम-थोरियमच्या मोजणीने थरांचे वय कळते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या गुहेतील स्तंभावरून इसवी सन ६०० ते १५०० या सुमारे ९०० वर्षांच्या मोसमी पावसाचा इतिहास मांडला आहे. त्यात चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्याच्या आरंभापर्यंत पाऊस वारंवार आणि दीर्घकाळ दुबळा राहिल्याचे दिसते.

मराठी माणसाने येथे थांबावे. १३९६ पासून बारा वर्षे चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ महाराष्ट्राच्या स्मृतीत आहे. गावेच्या गावे ओस पडली, अशी त्याची वर्णने आहेत. सलग बारा वर्षे पाऊस कसा हुलकावणी देईल, ही लोककथेची अतिशयोक्ती असावी, असे कोणालाही वाटावे. बस्तरच्या गुहेतील चुन्याच्या थरांनी बारा हा आकडा सिद्ध केलेला नाही. पण त्या पिढ्यांवर ओढवलेली आपत्ती एकदोन सालांची नव्हती, एवढे त्यांनी निःसंशय दाखवले आहे. ज्या आजीबाईंनी ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांच्या बाजूने बस्तरचा दगड उभा राहिला.

यातील चिंतेची गोष्ट वेगळी आहे. पर्जन्यमापकाच्या सुमारे दीडशे वर्षांच्या नोंदीत इतके दीर्घ अवर्षण एकदाही नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ छत्तीसगढाने भोगले. १९७२ महाराष्ट्राने भोगले. १९८७, २००२, २००९ ही वर्षे उपस्थित पालकांपैकी अनेकांना आठवत असतील. पण ही एकेकटी किंवा जोडीने आलेली वर्षे होत. धरणे, कालवे आणि शहराचे नळ यांची आखणी याच दीडशे वर्षांच्या नोंदींवर होते. रायपूरच्या घराघरांत येणारे पाणी आणि धमतरीच्या शेतातील धान, दोन्ही महानदीवरील गंगरेल धरणाशी बांधलेली आहेत. दोन दुष्काळी वर्षे ते धरण निभावून नेईल. दहा वर्षे विरळ पावसाची आली तर? जे पूर्वी घडले ते पुन्हा घडणारच असे नाही. परंतु ते घडू शकते हे ठाऊक नसलेल्या अभियंत्याच्या हाती गावाचे पाणी असणे बरे नव्हे. म्हणून एका गुहेच्या साक्षीवर न थांबता, वर्षावर्षाचा हिशेब देणाऱ्या सागाची साखळी मागे नेणे आवश्यक आहे.

ती आज पंधराव्या शतकाच्या अखेरीशी अडकली आहे. पलीकडच्या काठावर जुने लाकूड आहे. लोणावळ्याजवळील कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या सागवानी कमानी सुमारे दोन हजार वर्षे जागच्या जागी आहेत. किरारीचा खांब आहे; तो बीजाच्या लाकडाचा असल्याचे सांगितले जाते. बीजाची लांब मालिका नाही आणि खांबाचा वरचा भागच गळून गेला आहे, त्यामुळे वलयांवरून त्याचे वर्ष निघणार नाही. मधल्या दीड हजार वर्षांचे काय? डग्लसला जळकी तुळई मिळाली तशी तुळई आपल्याकडे कोठे मिळेल?

ती कदाचित एखाद्या वाड्यातून निघेल आणि भंगारवाल्याकडे जाईल. भोसल्यांच्या काळापासून मराठी कुटुंबे या प्रदेशात येत गेली. रायपुरातील पुरानी बस्ती, ब्राह्मणपारा, तात्यापारा या भागांतील जुनी घरे एकामागून एक पाडली जात आहेत. कडीपाटाचे माळे, वासे, तुळया, चौकटी उतरतात आणि रंधा मारून त्यांची नवी दारे होतात. जुने सागवान वाया जात नाही, यात समाधान आहेच. पण एखादी तुळई दोनशे वर्षांच्या झाडाची आणि दोनशे वर्षे घरात बसलेली असेल, तर ती चारशे वर्षांची वही असते, आणि रंध्याला वाचता येत नाही. येथे एक खबरदारीही सांगितली पाहिजे. सुतार सालीलगतचे पांढरे लाकूड वाळवीच्या भयाने तासून टाकतो. त्याबरोबर शेवटची वलये जातात आणि झाड तोडल्याचे नेमके वर्ष हातचे निसटते. पूर्वजांच्या घरांत तुळया एका वाड्यातून दुसऱ्यात नेऊनही वापरल्या जात. म्हणून झाडाचे वर्ष म्हणजे घराचे वर्ष, असा घाईचा निष्कर्ष काढू नये.

दुसरी जागा तलावांची. तलावाचे लग्न लावून त्याच्या मध्यभागी लाकडी खांब रोवण्याची छत्तीसगढची चाल अजून पुष्कळ गावांत दिसते. पाण्याखालच्या चिखलात हवा पोहोचत नाही, म्हणून बुरशी लाकूड खाऊ शकत नाही. किरारीचा खांब याच कारणाने टिकला. असे खांब कुजले की बदलले जातात आणि जुने खोड चुलीत किंवा होळीत जाते.

घर उतरवताना किंवा तलाव उपसताना काय करावे, हे सांगणे अवघड नाही. तुळईच्या ज्या टोकाला सालीचा काठ शिल्लक असेल तेथून दोन बोटे जाडीची आडवी चकती करवतीने कापून घ्यावी. घासू नये, रंगवू नये, पॉलिश करू नये. घर कोणाचे, कोणत्या गल्लीतील, तुळई कोणत्या खोलीची, घर बांधल्याचे वर्ष घरात कोणी काय सांगते, हे कागदावर लिहून चकतीबरोबर ठेवावे. पाण्यातून निघालेले लाकूड मात्र कापण्याचीही घाई करू नये. ते ओल्या गोणपाटात गुंडाळून, वरून प्लास्टिक लपेटून सावलीत ठेवावे, गोणपाट वाळू देऊ नये, आणि संग्रहालयाला कळवावे. स्वीडनने १९६१ मध्ये समुद्रतळातून ‘वासा’ हे जहाज वर काढले, तेव्हा ते वाळून फुटू नये म्हणून त्यावर सतरा वर्षे औषधी द्रावणाचा फवारा मारत ठेवला होता. किरारीच्या काठावर असे काही सांगणारा कोणी नव्हता. अक्षरे उतरवून घेणारा एक पुरोहित तेवढा होता.